बदललेली नळी

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'बंदुकीची नळी' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "दादा, आम्हाला वाटले होते तुम्ही बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार असे काही बोलाल." मी म्हटले, बोलणार तेच आहे, फक्त ते नळीतून बोलणार आहे. त्यांनी हसून विषय वहीत टिपून घेतला. आता तुम्हीही सहन करून घ्या.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये टर्नरचे काम शिकलो, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत अकरा वर्षे लेथवर उभा राहिलो, आणि मग युनियनच्या कामात पडलो तो आजपावेतो. इतिहास वाचला तो सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात खिडकीशी बसून, कोश जवळ घेऊन. इंग्रजी पुस्तकाचे एक पान वाचायला सुरुवातीला मला एक तास लागे. त्यामुळे कुठे चुकलो तर विद्वानांनी कान धरावा. पण हत्याराच्या आणि लोखंडाच्या बाबतीत मात्र मी सहसा कान देत नाही.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला त्याची गोष्ट अगोदर सांगतो. मी नववीत होतो, आणि शाळेच्या एन.सी.सी.त होतो. वर्षातून एकदा आम्हाला खरी बंदूक खऱ्या गोळीने चालवायला मिळे. ती .२२ ची, म्हणजे पॉइंट टू-टूची बंदूक. पंचवीस यार्डांवर निशाण, प्रत्येकाला पाच गोळ्या. पाचही गोळ्या जितक्या जवळजवळ पडतील तितका नेमबाज चांगला. माझ्या पाच गोळ्यांपैकी एक वर, एक डावीकडे, एक तर शेजारच्या पोराच्या निशाणावर जाऊन बसली. पुन्हा पाच दिल्या, पुन्हा तेच. शिकवणाऱ्याने माझे काही ऐकून घेतले नाही. बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या, आणि स्पर्धेच्या यादीतून नाव काढून टाकले. एप्रिलचे ऊन होते. फेऱ्यांचे काही वाटले नाही, पण शेजारचा पोरगा हसला ते अजून आठवते.

दोन दिवसांनी बंदुका तपासायला आर्मरर आले, पिकल्या मिशांचे. त्यांनी माझीच बंदूक उचलली, बोल्ट काढून ठेवला, नळी आभाळाकडे धरली आणि मला बोलावून म्हणाले, "देख बेटा, क्या दिखता है?" मी डोळा लावला. आत चकचकीत बोगदा, आणि बोगद्याच्या मध्यावर एक काळे कडे. "नली का पेट निकल आया है," ते म्हणाले. केव्हातरी एखादी गोळी कमी जोराने सुटून नळीत अडकली असेल, किंवा साफ करताना चिंधीचा बोळा आत राहिला असेल. मागून आलेली दुसरी गोळी त्यावर आदळली, आणि तेवढ्या जागी नळी आतून फुगली. बाहेरून बोट फिरवले तर जेमतेम समजे. अशा नळीतून अर्जुनाने नेम धरला असता तरी गोळी भरकटलीच असती. आर्मररनी वहीत 'नळी बदलणे' असे काही लिहून घेतले. माझे नाव यादीत पुन्हा आले नाही, आणि फेऱ्याही कोणी परत केल्या नाहीत.

पुढे लेथवर उभा राहिल्यावर मला या गोष्टीचा उलगडा होत गेला. बंदुकीत बाकी जे काही आहे ते सगळे नळीला धरून ठेवण्यासाठी आणि नळीच्या मागे ठिणगी पाडण्यासाठी आहे. लाकडी कुंदा सुतार करून देईल, कमान लोहार करून देईल, पण आग आणि गोळी सोसते ती नळी. म्हणून हत्याराचा इतिहास लिहायचा तर राजांच्या यादीपेक्षा नळीची वही उघडावी: नळी कोणी केली, ती बिघडली कशी, आणि बिघडल्यावर ती कोणी बदलली.

आपल्यापैकी प्रत्येकाने दौलताबादचा किल्ला पाहिला आहे. तिथली मेंढा तोपही पाहिली आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे तोंड आहे, आणि शाळेच्या सहलीतल्या पोरांनी हात फिरवून फिरवून ते गुळगुळीत केले आहे. तिच्यावरच्या लेखात तिचे खरे नाव आहे, 'किल्ला शिकन', म्हणजे किल्ले फोडणारी. औरंगजेबाचे नाव आहे, आणि त्याबरोबर ओतणाऱ्या कारागिराचेही नाव आहे, मुहम्मद हसन अरब. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली आपल्या शेजारच्या अहमदनगरला ओतली. बरीच वर्षे ती मराठवाड्यातल्याच परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजन असलेली ती तोफ बैलांनी आणि माणसांनी ओढत कशी नेली असेल याची कल्पना करूनच माझ्यासारख्याची कंबर दुखते. तिच्यावरही ओतणाऱ्याचे नाव आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्या काळचे सुलतान आणि बादशहा आपल्या नावाखाली कारागिराचे नाव कोरू देत होते. पुढे हे नाव कुठे जाते ते पाहा.

ओतीव तोफेला एक मोठे दुखणे असते. पंचरशी धातू चिवट, फुटत नाही, गंजत नाही, पण मऊ. आतून लोखंडी गोळा आपटत जातो, नळीला खळगे पडतात, आणि सतत मारा केला तर तापून ती वाकूही लागते. उलट लोखंड कठीण, आतून झिजत नाही. पण ओतीव लोखंड ठिसूळ, फुटले तर गोलंदाजाचाच जीव घेते. दख्खनच्या लोहारांनी यावर घडीव तोफेचा मार्ग काढला होता. पिंपाच्या फळ्यांसारख्या लोखंडी पट्ट्या लांबीने एकमेकींना लावून त्यांची नळी करायची, आणि वरून तापलेली कडी घट्ट बसवायची. कडे थंड होताना आकसते आणि पट्ट्यांना आवळून धरते. बैलगाडीच्या चाकावर धाव बसवताना आपल्या लोहाराने हेच केले. विजापूरला उंच बुरुजावर अशी लांबलचक घडीव तोफ आजही पडून आहे.

हातातल्या बंदुकीची नळीही अशीच आगीतून यायची. लोखंडाची लांब पट्टी गजाभोवती सापासारखी गुंडाळायची, भात्याच्या आगीत पांढरी होईपर्यंत तापवायची, आणि घणाखाली वेढ्याला वेढा सांधायचा. मग आतून घासून गुळगुळीत करायची. चांगल्या नळीचे मोल एवढे असे की कुंदा मोडला, चाप गेला तरी नळी टाकत नसत. आजोबाच्या नळीला नातू नवा कुंदा करी. म्हणजे त्या काळी नळी टिकायची आणि बाकीची बंदूक बदलायची. आज आपण याच्या बरोबर उलट करतो, आणि त्याचे कारण नळीतले आटे. पण त्याकडे जरा वेळाने येतो, कारण मध्ये असई आहे.

असई हे गाव आपल्या पलीकडे, जालना जिल्ह्यात. १९८१ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होते. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याची वेलस्लीशी गाठ पडली. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. असईला त्याचे दीड हजारांवर माणूस मेले, जखमी झाले किंवा हरवले. हे नुकसान मुख्यतः तोफांनी केले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठून पाठीमागून त्यांच्यावर मारा केला. लढाई हरली हे खरे. सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्या तोफा वेलस्लीने बारकाईने पाहिल्या, आणि त्या आपल्या कामास येतील इतक्या चांगल्या आहेत, टिपूच्या तोफा तशा नव्हत्या, या अर्थाचे त्याने लिहून ठेवले. शत्रूने दिलेले हे प्रमाणपत्र.

पण खरी गंमत त्याच महिन्यात दिल्लीला झाली. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दिल्लीजवळ शिंद्यांच्या पलटणींचा पराभव केला, आणि हाती आलेल्या तोफांची एक यादी त्याच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी तयार केली. ती यादी मेजर थॉर्नच्या पुस्तकात छापली आहे. मी ती वाचली तेव्हा ग्रंथालयात बसल्या जागी मांडीवर थाप मारली. शेजारचे गृहस्थ रागावले. यादी सांगते की पितळी तोफा, एक पोर्तुगीज तोफ सोडली तर, सगळ्या हिंदुस्थानात ओतलेल्या. काहींवर मथुरेचे नाव, काहींवर उज्जैनचे. आणि चार पौंडी तोफांपैकी तेरा तोफांच्या आत लोखंडी नळी आहे. चार लांब लोखंडी पट्ट्या ठोकून, कडेला कड बेमालूम जुळवून ती आतली नळी केली आहे, आणि तिच्यावर पितळ ओतले आहे. लोखंड आणि पितळ यांच्या मध्ये फटसुद्धा दिसत नाही.

श्रोतेहो, तुमच्या लक्षात आले का? आत लोखंड, म्हणजे गोळ्याने झिजणार नाही. बाहेर पितळ, म्हणजे फुटणार नाही. दोन्ही धातूंचे गुण एका नळीत. इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले की या तोफांची आखणी कोणा युरोपियन कारागिराचीच आहे. असेल. महादजींच्या कारखान्यात आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतून घेत होता, आणि त्याने दहा दहा रुपयांत केलेल्या बंदुका विलायती बंदुकांच्या तोडीच्या होत्या असे नमूद आहे. दि बॉयनच्या पलटणी त्या घेऊन लढल्या. पण चार लोखंडी पट्ट्या कडेला कड जुळवण्याची हातोटी ही मला दख्खनच्या आणि माळव्याच्या घडीव तोफेची वाटते. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. एवढे मात्र खरे की सँगस्टरचे नाव राहिले, दि बॉयनचे राहिले, त्या तेरा तोफांवर गावाचे नाव राहिले. पट्ट्या जुळवणाऱ्याचे राहिले नाही. मेंढा तोपेपासून असईपर्यंत शंभर-सव्वाशे वर्षांत कारागीर लेखातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी कारखाना आला.

१८०३ च्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह झाला, आणि १८१८ मध्ये पेशवाई गेली. मथुरा, आग्रा, उज्जैनच्या ओतशाळांतले ते हात पुढे भांडी करू लागले की नांगराचे फाळ, ते कोणी लिहून ठेवले नाही.

आता आटे. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी दीडशे-दोनशे पावलांपलीकडे कुठे जाईल याचा नेम नसे. नळीच्या आतल्या अंगाला पिळदार खाचा पाडल्या, आपण ज्यांना आटे म्हणतो तसे पण फार लांब पिळाचे, तर गोळी त्यांत धरली जाते, भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तेच हे. अशा नळीची बंदूक ती रायफल. इंग्रजांनी १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल काढली. तिच्या काडतुसाला चरबी लावलेली असे, आणि पुढचे सगळे तुम्हाला माहीत आहे. आपल्या गावातही जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटचे घोडेस्वार उठले. त्यांच्या रागाचे कारण मात्र चरबीपेक्षा, आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालवून नेणार ही बातमी होती. क्रांती चौकातून आपण रोज स्कूटरवर जातो ते यांच्याच आठवणीतून.

पण १८५७ नंतर इंग्रजांनी जे केले ते शाळेच्या पुस्तकात नाही, आणि माझ्या विषयाचा तो गाभा आहे. हिंदी शिपायाच्या हातात रायफल देणे धोक्याचे आहे असे ठरले. म्हणून हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या सुमारास एनफिल्डचाच एक वेगळा नमुना काढला. बाहेरून तीच बंदूक, तोच कुंदा, तोच चाप. पण नळी आतून मोठी करून आटे काढून टाकलेले. गोरा सोजीर शेकडो यार्डांवर नेम धरील, काळ्या शिपायाची गोळी त्याच्या निम्म्या अंतरावर भरकटेल. लेथवर काम केलेल्या माणसाला याचा अर्थ चटकन कळतो. कुणीतरी एक कामगार मशीनसमोर उभा होता, आणि दुसऱ्याने कष्टाने कोरलेले आटे खरवडून काढत होता. चांगला जॉब मुद्दाम बिघडवायचा, आणि त्या बिघाडालाही नमुना-क्रमांक द्यायचा! पुढेही गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर, आणि गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदींना मार्टिनी, असे एक पिढी मागे ठेवण्याचे धोरण कायम राहिले. १८७८ चा हत्यारांचा कायदा आला आणि ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा झाला. आपला मुलूख निजामाचा, इथे कायदा निराळा. पण बाजारात गिऱ्हाईक नसले की बंदूक करणारा लोहार कुठलाच उरत नाही. खेड्यात राहिल्या त्या ठासणीच्या बंदुका, पिकावरची डुकरे हाकायला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोअर युद्ध झाले, आणि साम्राज्याच्या राजधानीत एक धक्का बसला: शहरात वाढलेल्या इंग्रज पोरांना नेम धरता येत नव्हता, आणि शेतकरी बोअरांना येत होता. लॉर्ड रॉबर्ट्सने गावोगाव लहान गोळीच्या नेमबाजीचे क्लब काढायला उत्तेजन दिले. ही लहान गोळी म्हणजे .२२ ची. तिचा व्यास साडेपाच मिलिमीटरच्या थोडा वर, शिसे मऊ, दारू चिमूटभर, आवाज बेताचा, आणि मुख्य म्हणजे किंमत कमी. तिची रूढ जात अमेरिकेत १८८७ साली निघाली. पण क्लबांना बंदुका आणायच्या कुठून? इथे बर्मिंगहॅमच्या पार्कर नावाच्या बंदूक करणाऱ्याने जी युक्ती केली तिच्यापाशी मला तुम्हाला आणायचे होते. सैन्यात .३०३ च्या बंदुकांच्या नळ्या झिजून निकामी होत, कारण कॉर्डाइट दारूची आग फार कडक. अशी निकामी नळी फेकून न देता तिला आतून मोठे भोक पाडायचे, आणि त्यात .२२ चे आटे असलेली पातळ पोलादी नळी बसवायची. जुन्या नळीत नवी नळी. वजन तेच, कुंदा तोच, बोल्ट जवळपास तोच. शिपाई शिकतो मोठ्या बंदुकीवर आणि खर्च होतो लहान गोळीचा.

म्हणजे बर्मिंगहॅमने विसाव्या शतकात जे केले त्याची बहीण उज्जैन-मथुरेच्या ओतशाळेत शंभर वर्षे आधी जन्मली होती. पार्करने शिंद्यांची तोफ पाहून हे केले असा माझा दावा नाही. आपले सगळे आधी आपल्याकडेच होते असे म्हणणारे लोक असतात, त्यांच्यात मला बसवू नका. झिजणारी नळी समोर ठेवली की दोन देशांतल्या कारागिरांची बुद्धी एकाच वाटेने जाते, एवढेच म्हणतो.

हिंदुस्थानात रायफलचा कारखाना निघाला तो बंगालमध्ये ईशापूरला, १९०४-०५ च्या सुमारास. .३०३ ची ली-एनफिल्ड तिथे लाखांनी झाली. आणि गंमत अशी की १८५८ ची ती जुनी खोड इथेही जिवंत राहिली. .३०३ च्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत करून .४१० बोअरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी बंदूक ईशापूरला पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी केली गेली. स्वातंत्र्यानंतरही ती पोलिसांच्या खांद्यावर कितीतरी वर्षे होती. संपाच्या वेळी फाटकाशी जो शिपाई उभा असे त्याच्या खांद्याकडे मी नेहमी पाहत असे, आत आटे आहेत की नाहीत या कुतूहलाने. त्याला विचारायची सोय नव्हती.

१९४८ साली एन.सी.सी. स्थापन झाली. १९६२ च्या चीन युद्धानंतर ती महाविद्यालयांत काही वर्षे सक्तीची झाली, आणि ईशापूरच्या .२२ बंदुका देशभर पोरांच्या हाती गेल्या. मी वापरली ती जुन्या मार्क फोर जातीची, साडेआठ पौंडांवर वजन. या जातीत काहींना अखंड .२२ ची नळी असे आणि काहींना नळीत नळी बसवलेली. माझी कोणती होती ते मला आठवत नाही. आठवते ते फक्त काळे कडे.

.२२ ची नळी खरे म्हटले तर गोळ्यांनी मरत नाही. मऊ शिसे आणि कमी दाब. हजारो हजार गोळ्या झाडल्या तरी तिला काही होत नाही. ती मरते हयगयीने. जुन्या काडतुसांच्या ठिणगीच्या मसाल्यातून एक प्रकारचे मीठ नळीत राही. ते हवेतले पाणी ओढून घेई, आणि पावसाळ्यात एका रात्रीत नळीच्या आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडत. तेलाने मीठ विरघळत नाही, म्हणून जुने शिपाई आधी उकळते पाणी ओतत आणि मग तेल लावत. नवशिक्याला हे पटत नसे, बंदुकीत कोणी पाणी ओतते का? १९२० नंतर जर्मनीत न गंजवणारा मसाला निघाला आणि हळूहळू हे दुखणे कमी झाले. दुसरा शत्रू साफ करायचा गज. तो वाकडा घालून तोंडाशी घासत राहिला की तोंडावरचे आटे झिजतात आणि गोळी सुटता सुटता ढकलली जाते. तिसरा शत्रू अडथळा, म्हणजे माझे कडे. या तिघांतही बंदूक चालवणाऱ्याचा दोष क्वचितच असतो; दोष असतो ती ठेवणाऱ्याचा, पण निशाणावर दिसतो तो चालवणाऱ्याच्या नावावर.

नळी बदलायची म्हणजे काय, हे टर्नर म्हणून मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. नळी बंदुकीच्या धडात आट्यांवर फिरवून बसवलेली असते. हे काम परवाना असलेल्या कारखान्याचे किंवा आर्मररचे, आणि तसेच असावे. नवी नळी फिरवत आणली की ती नेमकी अशा जागी घट्ट झाली पाहिजे की नळीवरची माशी बरोबर उभी राहील. थोडी अलीकडे थांबली तर माशी एका बाजूला कलते, जोर लावून पुढे नेली तर दुसऱ्या बाजूला. म्हणून टेकणारा खांदा थाऊ-थाऊने घासून आणतात. मग बोल्ट आणि नळी यांच्यामधली जागा गेजने तपासायची. एक गेज बसला पाहिजे, दुसरा बसता कामा नये. जागा जास्त राहिली तर काडतुसाचे बूड मागे फुटते, चालवणाऱ्याच्या डोळ्यांपासून चार बोटांवर.

आणि नळी सरळ आहे की नाही हे पूर्वी कसे पाहत? या कामाचा एक वेगळा कामगार असे. तो नळी खिडकीकडे धरून, आतल्या चकचकीत भिंतीवर पडलेली एका रेघेची सावली पाही. सावली कुठे मोडली त्यावरून नळी कुठे वाकली ते ओळखी, आणि तिथे बेताचा ठोका मारी. यंत्र नाही, मापपट्टी नाही. डोळा आणि ठोका. इंग्लंड-अमेरिकेच्या कारखान्यांत हे लोक बराच काळ मालकांना नमले नाहीत, कारण त्यांचा डोळा मालकाला विकत मिळत नव्हता. माझ्या पिशवीत मंत्र्यांचे आणि मालकांचे बरेच किस्से आहेत, पण कामगाराच्या डोळ्याला भाव मिळाल्याचे किस्से थोडेच. हा त्यांतला आवडता.

ईशापूरच्या बंदुकीवर काय कोरलेले असते ते मी पाहिले आहे. कारखान्याची तीन अक्षरे, साल, आणि तपासनिसांचे शिक्के. म्हणजे मुहम्मद हसन अरबापासून आपण कुठे आलो? ज्याने नळी केली त्याचे नाव नाही. ज्याने ती पास केली त्याची खूण आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने ४१ शस्त्रनिर्मिती कारखान्यांचे जुने मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. ईशापूरची रायफल कानपूरच्या कंपनीकडे गेली, आणि पुण्याच्या खडकीचा १८६९ पासूनचा काडतुसांचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे. (आपले शहरही मलिक अंबरच्या वेळी खडकीच होते, हे जाता जाता.) कामगारांनी संपाची तयारी केली तेव्हा त्या उन्हाळ्यातच संरक्षण उत्पादनातला संप बेकायदा ठरवणारा वटहुकूम निघाला, आणि मग कायदा. यावर माझे मत काय असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. ते आज मांडत नाही, त्यासाठी फाटकावरची सभा आहे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरवरच्या तीन आसनांच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले ते बहात्तर वर्षांनी. ती बंदूक .२२ चीच. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा नसते, शर्टाच्या बटणाएवढे. एवढ्या बटणासाठी या दर्जाचे नेमबाज आपली नळी आणि काडतुसांचा माल एकमेकांशी जुळतात की नाही हे आधी तपासून घेतात. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांना वेगवेगळा माल मानवतो. स्वप्निल रेल्वेत नोकरीला. त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसलो असताना घरातले सगळे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी नळीकडे पाहत होतो, आणि मला आमचे मैदान आठवत होते.

ती माझी बंदूक दुसऱ्या वर्षी परत आली. क्रमांक तोच, कुंद्यावर माझ्याच हातून पडलेला ओरखडा तोच, नळी नवी. मी तेव्हा दहावीत होतो, आणि तिने पाच गोळ्या दोन बोटांच्या अंतरात बसवल्या. ज्याने गेल्या वर्षी फेऱ्या मारायला लावल्या त्यानेच शाबासकी दिली. आर्मरर आले होते. जुन्या नळीचे काय केले म्हणून मी त्यांना विचारले. नळी करवतीने तीन ठिकाणी कापली, वजन करून भंगाराच्या वहीत लिहिली, आणि साहेबाची सही घेतली, असे ते म्हणाले. कडे होते तो तुकडा मला मिळेल का, असे मी विचारले होते. "वही में चढ़ गया, बेटा," ते म्हणाले, आणि पुढची बंदूक उचलली.